गोठ्यातला ताप

मे महिना संपत आला की नागपुरात दोनच विषय असतात: ऊन आणि पाणी कधी पडणार. आमच्या पेशात तिसरा असतो, लस आली का? मी पशुवैद्यक. सेमिनरी हिल्सच्या कॉलेजात शिकलो, नोकरीची बहुतेक वर्षं जिल्ह्यातल्या तालुक्यांत काढली, आता निवृत्त आहे. पण जुन्या ओळखीचे फोन थांबत नाहीत. मागच्या आठवड्यात तीन आले, तीन वेगळ्या गावांतून, आणि प्रश्न एकच: "साहेब, घटसर्पाची सुई अजून नाही लागली. पाणी पडल्यावर लावली तर चालते का जी?"

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. घरी गोठा असेल तर वाचाच. नसेल तर दूध पिता म्हणून वाचा.

आपल्याकडे जनावरांच्या आजाराची बातमी होते ती विषाणूची. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा मंत्र्यांपासून सरपंचापर्यंत सगळे गोठ्यात उतरले. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, देशभर बोंब झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण जिवाणू आणि बुरशी हे दोघं गोठ्यात बाराही महिने मुक्कामाला असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. एखाद्या गावात आठवड्यात चार म्हशी घटसर्पाने जातात, त्या घराचं वर्षभराचं गणित कोसळतं, आणि तालुक्याच्या पानावर दोन ओळीही येत नाहीत.

आधी त्या फोनचं उत्तर. घटसर्पाचा जिवाणू, पाश्चुरेला मल्टोसिडा, बाहेरून उडत येत नाही. बऱ्याचदा तो धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या टॉन्सिलमध्ये आधीच बसलेला असतो. उन्हाळ्यात वैरण कमी, जनावर खंगलेलं. मग पहिला पाऊस, भिजणं, गारठा, नांगरटीचा ताण. प्रतिकारशक्ती पडते आणि हा उसळतो. सणसणीत ताप, गळ्याखाली सूज, घशातून घरघर, आणि पुष्कळदा चोवीस तासांत खेळ खलास. म्हशीला गाईपेक्षा जास्त त्रास. लस दिल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाच्या आधी द्यायची. पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायची नाही. निरोगी जनावराला पाणी पडल्यावरही द्या, न देण्यापेक्षा केव्हाही चांगली. गावात आजार दिसला असेल तर आधी डॉक्टरला जनावरं दाखवा, कारण ताप असलेल्या जनावराला लस नाही, इलाज लागतो, आणि तो पहिल्या काही तासांतच उपयोगाचा.

आता गंमत बघा. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. ती पावसाच्या आधी द्यायची, म्हणजे आपल्याकडे मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला. त्या दिवसांत नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो. पुण्याला औंधच्या संस्थेत घटसर्प, फऱ्या, आंत्रविषाराच्या लसी तयार होतात. तिथून निघालेली बाटली जिल्ह्याला, तालुक्याला, दवाखान्याला आणि शेवटी पशुधन पर्यवेक्षकाच्या मोटारसायकलला टांगलेल्या थर्मासपर्यंत पोचते. प्रत्येक टप्प्यावर बर्फ लागतो. दवाखान्यातला फ्रीज चालू असतो, पण दुपारी लाइट गेली तर? जनरेटर आहे का? असला तर डिझेलचे पैसे कोणत्या हेडखाली? हे प्रश्न कोणाला मोठे वाटत नाहीत. बाटलीवर तारीख बरोबर असते, रजिस्टरमध्ये आकडा बरोबर असतो, आणि लस मात्र रस्त्यात मेलेली असू शकते. मग जुलैत जनावर दगावलं की शेतकरी म्हणतो, "सुई लावली तरी मेलंच ना!" आणि पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही. त्याचं काय चुकलं?

लसीकरण किती झालं याचे आकडे सगळे विचारतात. लस कोणत्या तापमानात पोचली हे जिल्हा परिषदेच्या सभेत कोणी विचारलेलं मी माझ्या नोकरीत एकदाही ऐकलं नाही.

फऱ्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे याला एकटांग्याही म्हणतात, कारण जनावर एका पायाने लंगडायला लागतं. मांडीवर किंवा खांद्यावर सूज, हाताने दाबली तर आत चुरचुर आवाज, कारण स्नायू सडून त्यात वायू झालेला असतो. याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात. आणि दुष्टपणा असा की हा मरतुकड्या जनावराला कमी धरतो. सहा महिने ते दोन वर्षं वयाचा, चांगला खाल्लेला, पुढच्या पोळ्याला तोरणाखाली उभा करायचा म्हणून जपलेला गोऱ्हा याला आवडतो. लस स्वस्त आहे, बहुधा घटसर्पासोबतच देतात. घ्या.

काळपुळीचं मात्र एकच सांगतो, पण ते घोकून ठेवा. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर त्याला कोणीही कापायचं नाही. कातडं काढायचं नाही, शवविच्छेदनाचा आग्रह धरायचा नाही. हा जिवाणू जनावराच्या अंगात असेपर्यंत साधा असतो, हवा लागली की कवच घालून बीजाणू होतो. स्कॉटलंडजवळ ग्रुइनार्ड नावाचं एक लहानसं बेट आहे. १९४२ मध्ये इंग्रजांनी तिथे काळपुळीच्या बॉम्बची चाचणी केली, आणि ते बेट माणसाने पाय ठेवण्याजोगं जाहीर व्हायला १९९० उजाडलं. तेही माती औषधाने धुतल्यावर. तेव्हा नाल्याच्या काठावर फेकलेलं एक जनावर म्हणजे काय, याचा अंदाज करा. खोल खड्डा, चुना, जनावर न उघडता पुरणं, आणि डॉक्टरला कळवणं. २००९ च्या केंद्राच्या कायद्याने अशा आजारांची खबर ग्रामपंचायतीला देणं मालकाचं कर्तव्यच आहे. किती सरपंचांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याचं नाव घेत नाही, त्या कुटुंबाला ओळखू येईल. अकरा जनावरं, सहा दुभती, दूध डेअरीला. एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. घरच्यांनी म्हटलं उष्णता झाली. महिनाभराने दुसरी गाभडली, जार अडकला. घरच्या बाईंनी उघड्या हाताने तो ओढून काढला आणि उकिरड्यावर टाकला. कुत्र्यांनी नेला. तिसरी गाभडली तेव्हा नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली गेली आणि मला फोन आला.

मी गेलो तेव्हा बाई आत बाजेवर पडलेल्या होत्या. सहज विचारलं तर म्हणाल्या, "बुखार उतरूनच नाही राहिला जी. सकाळी बरं वाटते, सांजच्या पहरी पुन्हा चढते. रात्री घाम इतका का गोधडी ओली होते. कंबर तर उचलत नाही." तीन महिने चाललं होतं. एका ठिकाणी टायफॉइड म्हणून सलाइन लावली, दुसरीकडे मलेरियाच्या गोळ्या, तिसऱ्याने टीबीची शंका काढली. एक्सरे झाले. पंधरा-वीस हजार गेले. या तीन ठिकाणी एकाही माणसाने त्यांना विचारलं नव्हतं, घरी जनावरं आहेत का?

हा एकच प्रश्न. फुकटचा.

मी गोठ्यातल्या जनावरांचं रक्त तपासायला पाठवलं आणि त्यांच्या यजमानांना म्हटलं, "भाऊ, वहिनींचं रक्त ब्रुसेलासाठी तपासा. डॉक्टरला मी चिठ्ठी देतो." दोन्हीकडून एकच उत्तर आलं. बाईंना दोन औषधं सहा आठवडे नेमाने चालली आणि त्या बऱ्या झाल्या. आता डेअरीवर दूध त्याच घालतात.

ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. डेव्हिड ब्रुस नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू शोधला. ताप येतो कुठून हे कळायला मात्र १९०५ पर्यंत थांबावं लागलं. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्या डॉक्टरने दाखवलं की बेटावरच्या शेळ्यांमध्ये तो आहे, आणि शेळ्या तर ठणठणीत दिसत होत्या. आपल्या गाई-म्हशींचंही तसंच. एकदा गाभडली की पुढच्या वेळी बऱ्याचदा नीट विते, दूध देते, बघणाऱ्याला शंका येत नाही. पण विताना, जारातून, दुधातून जिवाणू बाहेर पडतच असतो. जारात तर तो कोट्यवधींनी असतो.

दूध उकळलं की तो मरतो. आपल्याकडे उकळल्याशिवाय दूध पीत नाहीत, त्यामुळे शहरात राहणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. (धारोष्ण दूध पिण्याची हौस असेल त्यांनी मात्र थोडं घाबरावं.) खरा धोका आहे तो गोठ्यात हात घालणाऱ्याला. जार काढणारी बाई, वासरू ओढणारा पोरगा, आणि आम्ही लोक. आमच्या पेशात या तापाने महिने काढलेले मी पाहिले आहेत.

आता त्या गोठ्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. अकरापैकी चार जनावरं बाधित निघाली. यजमान मला म्हणाले, "विकून टाकतो जी बाजारात." मी म्हटलं, असं करू नका, दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग साहेब, तुमी घेता का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही कोणाकडे नाही. जनावराला यावर भरवशाचा इलाज नाही. ऑस्ट्रेलियाने तपासा, बाधित जनावर मारा, मालकाला पैसे द्या, या मार्गाने १९८९ मध्ये गाईंमधला हा रोग संपवला. आपल्याकडे गाय कापता येत नाही, महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही नाही. त्या कायद्यावर इथे भांडण नको, दोन्ही बाजूंचे लोक माझे मित्र आहेत. पण कायदा करताना एक ओळ राहून गेली: बाधित जनावर ठेवायचं कोणी आणि खाऊ घालायचं कोणी? वेगळा गोठा बांधायला जागा नाही, गोशाळा असं जनावर घेत नाही, भरपाई त्या माणसाच्या हातात पडली नाही. चारपैकी दोन गाई त्यांनी ठेवल्या. दोन बाजारात गेल्या. कोणत्या गावाला गेल्या, मला माहीत नाही. घेणाऱ्यालाही माहीत नसेल की काय घेतलं.

मारता येत नसेल तर लसीवाचून वाट नाही. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत केंद्राचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, खुरी आणि ब्रुसेलोसिस दोन्हींसाठी. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासराला, कालवड किंवा वगार, वय चार ते आठ महिने, आयुष्यात एकदाच. नराला नाही, गाभण जनावराला नाही. म्हणजे चार महिन्यांची एक खिडकी. पर्यवेक्षक गावात सहा महिन्यांनी आला तर कितीतरी वासरं त्या खिडकीबाहेर गेलेली असतात, आणि गेली ती कायमची गेली. त्यात ही लस जिवंत जिवाणूची. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर तापाला तोच बळी. हातमोजे, चष्मा हवाच. तो मिळतो का, हे आपल्या गावच्या पर्यवेक्षकाला एकदा चहा पाजून विचारा.

तुमच्याकडे चार ते आठ महिन्यांची कालवड असेल तर शिबिराची वाट पाहू नका, दवाखान्यात सांगून ठेवा. आणि जनावर विकत घेताना कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर घेऊन ही लस झालेली आहे का ते डॉक्टरकडून बघून घ्या. रंग, शिंगं, दात आपण तासभर पाहतो. हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

आता दुधावर येतो, कारण शहरातले वाचक इथपर्यंत आले असतील तर त्यांचाही हक्क आहे.

विदर्भ म्हणजे कापूस, कापूस म्हणजे सरकी, सरकी म्हणजे ढेप. आपल्या गाई-म्हशींचं दूध ढेपेवर उभं आहे. पावसाळ्यात ढेपेची पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवली की ओल धरते आणि हिरवट-पिवळी बुरशी येते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती एक विष तयार करते, अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा ते पहिल्यांदा लक्षात आलं, तिथे शेंगदाण्याच्या पेंडीत होतं. गाय तशी पटकन मरत नाही. ती खात राहते, दूध थोडं कमी होतं, यकृत बिघडत जातं, माजावर येत नाही. आणि त्या विषाचा एक-दोन टक्के भाग रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. ब्रुसेला उकळून मरतो, हा मरत नाही, कारण हा जीव नाहीच, विष आहे.

आपल्या देशात मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. युरोपात त्याच्या दहावा भाग. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. लोकांची समजूत होती की युरिया निघेल, डिटर्जंट निघेल. भेसळीचे नमुने अगदी मोजके निघाले. पण ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेवर होतं. प्राधिकरणानेच सांगितलं की हे येतं चाऱ्यातून आणि पशुखाद्यातून, आणि त्यावर तेव्हा देशात नियमन नव्हतं. म्हणजे दुधाला कायदा होता, ढेपेला नव्हता. गवळ्याच्या बरणीची तपासणी होते आणि ज्या गोदामातून ती ढेप आली ते गोदाम निवांत.

चांगली बातमी एवढीच की बुरशीची ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. पावसाळ्याची एकदम भरून ठेवू नका. कुबट वास आला तर उन्हात वाळवून खाऊ घालायचा मोह टाळा, वाळवल्याने ओल जाते, विष राहते. धानाचं तणस ओलं राहिलं तर तिथेही बुरशीच. ते खाऊन जनावरांच्या शेपटीचं टोक, कानाची पाळी सुकून झडते, खूर गळतात. याला देगनाला म्हणतात, पंजाबातल्या एका नाल्याचं नाव. भंडारा-गोंदियाकडच्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावं.

त्याच २०१८ च्या तपासणीत ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेबाहेर होती. ती येतात कासदाहातून, आपण ज्याला दगडी म्हणतो. सड सुजला की दुकानातून ट्यूब आणायची, दोन दिवस भरायची, उतरली की बंद. आणि दूध त्याच दिवशी डेअरीला. अर्धवट इलाजाने जिवाणू मरत नाहीत, शिकतात. जुलै २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली ती याच भीतीने, कारण माणसांच्या आयसीयूमध्ये ते शेवटचं हत्यार आहे. कासदाह लवकर पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. शंभर मिली पाण्यात तीन ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, ते पाणी आणि दूध सारखं घेऊन वाटीत हलवा. दाटसर, चिकट झालं तर त्या सडात गडबड आहे. दूध दिसायला पांढरंशुभ्र असलं तरी. हे प्रत्येक सडाचं वेगळं करा, पंधरवड्यातून एकदा.

गजकर्णाचं लिहिणार होतो, पण ते वेगळ्या पोस्टचं प्रकरण आहे. इतकंच की वासराच्या डोळ्याभोवती राखेसारखे गोल चट्टे दिसले तर पोरांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नका, आणि मेडिकलमधून मिळेल ते स्टेरॉइडचं मलम कोणालाच लावू नका, वासरालाही आणि पोरालाही.

११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी झाली. शंभर कोटींवरचा प्रकल्प. माणूस, जनावर, पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघायचं, कल्पना उत्तम. पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याकडे, १९५८ चं कॉलेज आपल्याकडे, मेडिकल आणि एम्स आपल्याकडे. देशात इतकं एका गावात क्वचित असेल. जुन्या लोकांची दूरदृष्टी बघा, ९ डिसेंबर १८८९ ला जनावरांच्या जिवाणूंवरची देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा पुण्यात निघाली आणि रोगाचे जंतू वस्तीजवळ नकोत म्हणून चार वर्षांत ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली.

पण त्या बाईंच्या तापाला शंभर कोटी लागत नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर एक रकाना पुरला असता: घरी जनावरे आहेत का, कोणती, त्यातले गाभडले का? आणि तालुक्याचा पशुवैद्यक आणि तालुक्याचा आरोग्य अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एकमेकांना फोन केला असता तर. दोघांची ऑफिसं बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला या आठवड्यात तीन गोष्टी विचारा. आपल्या गावच्या दवाखान्याच्या फ्रीजला पर्यायी वीज आहे का. गावात चार ते आठ महिन्यांच्या किती कालवडी-वगारी आहेत आणि त्यातल्या कितींना ब्रुसेलाची लस झाली. बाधित निघालेल्या जनावराच्या मालकाने काय करायचं, हे लेखी मिळेल का. तिसऱ्याचं उत्तर कोणाला मिळालं तर मला जरूर पाठवा, त्या यजमानांना कळवायचं आहे.

आणि ज्यांचे फोन आले होते त्यांच्यासाठी: दवाखान्यात डॉक्टर भेटत नसेल तर १९६२ वर फोन लावा, फिरत्या पथकाचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. जनावर गाभडलं तर जाराला उघडा हात लावू नका, हातमोजे नसतील तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. जार चुना टाकून पुरा, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.